दोन गाण्यांमधली जागा

बसा. खुर्ची जरा जवळच ओढा, मला हल्ली मोठ्याने बोलवत नाही. दिवा राहू दे. बाहेर दुपार आहे, पण या खोलीला खिडकीच नाही. पूर्वी इथे ट्रंका आणि जास्तीच्या गाद्या असायच्या. बाहेरची गडबड ऐकू येऊ नये म्हणून मी ही खोली मागून घेतली आणि दारावर आतून जाड रजई ठोकली.

तुम्ही फाइली न्यायला आलात, ठाऊक आहे. तुमची पत्रं झाली, फोन झाले. मी टाळत राहिलो. जुन्या रेडिओ कार्यक्रमांचा संग्रह करणारे आपण सगळे मिळून सात-आठ जण, त्यांच्यात मी आता खडूस म्हणून प्रसिद्ध आहे, तेही कळलंय मला. का देत नाही ते आज सांगतो. सगळं ऐका, मग न्यायच्या का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

काम म्हणाल तर ऐकायला अगदी साधं. रेडिओवरचा दोन तासांचा गाण्यांचा कार्यक्रम कुणीतरी कॅसेटवर उतरवून ठेवलेला असतो. तो कॉम्प्युटरवर घेतला की एकच लांबलचक फाईल होते. त्यातलं सातवं गाणं हवं असेल तर चाचपडत बसा. म्हणून मी तिच्या जोडीला एक छोटी क्यू फाईल करतो. तिच्यात आवाज नसतो, नुसती अक्षरं आणि आकडे. कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होतं. सेकंदाचेही पुन्हा पंचाहत्तर तुकडे. प्लेअरने ती वाचली की बटण दाबायचं आणि थेट गाण्यावर जायचं.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा! पहिले काही कार्यक्रम मी पाठवले तेव्हा तुम्हीच तर लिहिलं होतंत, नवव्या कार्यक्रमातलं चौथं गाणं अर्धा सेकंद उशिरा सुरू होतंय म्हणून. अर्धा सेकंद! दोन दिवस मी घास चावता चावता तुम्हाला शिव्या घालत होतो. आणि तुमचं बरोबर निघालं, याचा आणखी राग आला.

माझा नियम एकच. खूण पडणार ती गाण्याच्या पहिल्या ओळीवर. निवेदन, सुरुवातीची वाद्यं, जाहिराती, वेळ सांगणं, सगळं मधल्या जागेत. आधीचं गाणं संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचा जो तुकडा असतो, ती मधली जागा. सलग ऐकत गेलात तर ती ऐकू येते. पण बटण दाबून तिथे जाता येत नाही. बटण तिला ओलांडून पुढच्या गाण्यावर जातं.

हे कार्यक्रम ताईचे. माझी सख्खी मोठी बहीण. शनिवारी दुपारी दोन ते चार, चौदा वर्षं तिने रेडिओवरून गाणी ऐकवली. आणि आईने घरी रेडिओपाशी बसून, जमेल तेव्हा ती टेप केली. सेहेचाळीस कार्यक्रम निघाले आईच्या कपाटातून, प्रत्येकाच्या कॅसेटवर तिच्या अक्षरात तारीख.

ताईची एक खोड होती. गाण्याची वाद्यं सुरू झाली तरी हिचं वाक्य संपायचं नाही. पहिल्या ओळीच्या तोंडावर येऊन थांबायची. मला विलक्षण चीड यायची त्याची.

"ताई, गाण्यावर बोलू नकोस गं. लोक टेप करत असतात."

"अरे सेकंदकाट्या, मग बोलू कधी? गाणं संपलं की लोक पाणी प्यायला उठतात. सुरू होताना तेवढे कान देतात."

सेकंदकाटा हे माझं तिने ठेवलेलं नाव. लहानपणापासून मी घड्याळ लावून जेवणारा, घड्याळ लावून झोपणारा. मला चिडवायची संधी तिने कधी सोडली नाही.

चार वर्षांपूर्वी ताई गेली. आधी तिचा आवाज गेला. घशाचं दुखणं. शेवटचे सहा महिने ती पाटीवर लिहून बोलायची. रेडिओवर चौदा वर्षं बोललेली बाई, आणि हातात पाटी! मला तिच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी तिच्याकडे जायचंच कमी केलं. हे चुकलं माझं. आज बोलून काय उपयोग, पण चुकलं.

तर गेल्या वर्षी मी तिचे कार्यक्रम हाती घेतले, एक तुमच्यासारख्यांसाठी आणि दुसरं आईसाठी. आईला आता दिसत जवळजवळ नाही, बोटंही आखडलीत. तिच्या उशाशी मी एक छोटा प्लेअर ठेवला. त्याला एकच मोठं बटण, पुढे जायचं. म्हटलं, म्हातारीला लेकीचे कार्यक्रम ऐकता येतील. पहिले दहा कार्यक्रम त्यात भरले आणि कॉलर ताठ करून बसलो.

तिसऱ्या दिवशी आईने हाक मारली.

"अरे, बटण दाबलं की गाणंच लागतं. ती कुठे गेली?"

"आई, ती आहे की. मधल्या जागेत आहे."

"मधल्या जागेत म्हणजे कुठे?"

"दोन गाण्यांच्या मध्ये. बटण दाबून तिथे जाता नाही येत. सलग ऐक, मग येईल."

"मला झोप लागते रे मध्येच. जाग येते तेव्हा गाणंच असतं. मी बटण दाबते, पुन्हा गाणंच." आईने चाचपून पुन्हा एकदा बटण दाबलं. "तिला कशाला ठेवलंस तिथे?"

मी वैतागलो. आता हिला नियम काय समजावायचा? म्हटलं, क्यू फाईल अशीच असते. जगभर अशीच असते. आणि माझ्या खोलीत निघून आलो.

त्याच आठवड्यात डोक्याला ताप सुरू झाला.

अकराव्या कार्यक्रमाच्या पाचव्या गाण्याची खूण मी चौतीस मिनिटं बारा सेकंदांवर टाकली होती. कान देऊन, आवाजाच्या लाटांचं चित्र पडद्यावर मोठं करून, अगदी नेमकी. दुसऱ्या दिवशी तिथे उडी मारली तर आधी ताईचा एक शब्द, "ऐका", आणि मग गाणं. म्हटलं, चुकलो असेन. खूण पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आता दोन शब्द. "बरं, ऐका." पुन्हा सरकवली. तिसऱ्या दिवशी तीन. मी खूण जितकी पुढे नेत होतो, तितकी ताई पुढे येत होती.

भीती वगैरे काही वाटली नाही हो. राग आला. आठवडाभराची मेहनत पाण्यात. ज्याने कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या, त्या टेपवाल्याला फोन लावला.

"तुमच्या मशीनचा वेग कमीजास्त होतोय. खुणा सरकतायत माझ्या."

"साहेब, उतरवताना कमीजास्त होईल एक वेळ. पण एकदा फाईल झाली की झाली. ती काय रोज ताणली जाते का?"

"मग हे होतंय कसं?"

"तुम्ही किती तास बसता रोज?"

"दहा."

"थोडे कमी बसा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी त्याच्या नावाने बोटं मोडत पुन्हा हेडफोन चढवले.

ती दुपार मला लख्ख आठवते. हा दिवा असाच लावलेला. रजईला जुन्या कापसाचा कोंदट वास. हेडफोनमध्ये कॅसेटची ती बारीक खरखर. मी माउसने खूण धरली आणि गाणं जिथे सुरू होतं तिकडे सरकवायला लागलो. आणि कानात ताई म्हणाली...

"थोडं मागे."

मी थांबलो. तीही थांबली. खरखर तेवढी चालू.

तो तिचा निवेदनाचा आवाज नव्हता. आरसा भिंतीवर लावताना घरातलं माणूस मागे उभं राहून सांगतं ना, तसा होता. हात आपोआप हलला. खूण मागे आली.

"अजून थोडं... अजून... हां."

बघितलं तर खूण तिच्या निवेदनाच्या सुरुवातीला आली होती. 'हां'नंतर ती जे बोलायला लागली ते नेहमीचं, एकोणीस वर्षांपूर्वीचं, छापील. मी फाईल मागे नेऊन पुन्हा ऐकली. दहादा ऐकली. 'थोडं मागे' कुठेही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घाबरून उठला असेल. नाही. मी ओरडलो. एकटा, या बंद खोलीत. "मेलीस तरी माझ्या कामात लुडबुड सोडणार नाहीस का गं?" आणि खूण पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवली. माझा नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी ते पाचवं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या बोलण्याखाली बुडालं होतं. मागे कुठेतरी गाणारी बाई गात होती आणि पुढे ताई, अखंड, श्वास न घेता, काय बोलतेय ते कळू नये इतक्या भराभर. नंतर सहावंही गेलं. आठवड्याभरात सेहेचाळीसच्या सेहेचाळीस कार्यक्रमांत एकही गाणं स्वच्छ उरलं नाही. माझ्या नाकी नऊ आले. आणि खरं सांगतो, एका दुपारी डोकं टेबलावर टेकून मी रडलो. गाणी गेली म्हणून नाही. शेवटी शेवटी ती पाटीवर भराभर लिहायची, आणि आम्ही वाचायच्या आत पुसून पुढचं लिहायची, ते आठवलं म्हणून.

पाणी हवंय का? घसा खाकरलात म्हणून विचारलं. नको? बरं.

मी हरलो. सगळ्या क्यू फाइली नव्याने केल्या. प्रत्येक खूण ताईच्या पहिल्या शब्दावर. गाणी गेली मधल्या जागेत. असं काम आयुष्यात कधी केलं नव्हतं. लाज वाटत होती. पण शेवटची फाईल झाली आणि सगळं शांत झालं. गाणी पुन्हा स्वच्छ, निवेदनं जिथल्या तिथे. आईच्या प्लेअरमध्ये ती भरली आणि तिचा अंगठा बटणावर ठेवला.

"नमस्कार," ताई म्हणाली. आईचा चेहरा असा काही उजळला, की माझे एवढे दिवस सार्थकी लागले. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ताई. पुन्हा दाबलं. पुन्हा ताई.

"सापडली रे," आई म्हणाली.

पुढचा महिना घरात सुख होतं. मी इकडे काम करायचो आणि भिंतीपलीकडून आईचं बोलणं ऐकू यायचं. ताई काही म्हणाली की आई उत्तर द्यायची. हसायची. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आई खुलल्यात हो. मलाही बरं वाटायचं. आई माझ्याशी पूर्वीइतकं बोलत नाही, हे लक्षात आलं होतं. पण म्हटलं, दमत असेल.

मग एकदा अकरावा कार्यक्रम सहज उघडला. ताई बोलता बोलता थांबली. कुणीतरी खोकलं. आई. मी स्वतःलाच समजावलं, टेप आईनेच केली होती, तेव्हाच खोकली असेल. पण एकोणीस वर्षांपूर्वी आई अशी खोकायची नाही. हा आत्ताचा खोकला, दोनदा कोरडा आणि मग लांब. पाठोपाठ आईचा आवाज आला.

"गोळीची वेळ झाली असेल. तो येईल आता."

"येऊ दे," ताई म्हणाली. "तू बोल."

मी फाईलची लांबी बघितली. हा कार्यक्रम एक तास अठ्ठावन्न मिनिटांचा होता, माझ्या वहीत तशी नोंद आहे. आता तो दोन तास अकरा मिनिटांचा होता.

धावत आईच्या खोलीत गेलो. ती जागी होती. म्हटलं, आई, काहीतरी बोल. तिने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती माझ्या आवाजाच्या दिशेने हसली आणि तिने बटण दाबलं.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, घशाला काहीही झालेलं नाही, वय झालंय. मी त्याच संध्याकाळी प्लेअर काढून कपाटात टाकला. आई रडली नाही, ओरडली नाही; ओरडणार कशाने? मी तिच्याजवळ बसलो तर तिने माझा हात हातात घेतला आणि माझ्या तळव्यावर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. रात्र संपेपर्यंत दाबत राहिली, आणि दर वेळी दाबून झालं की कान देऊन थांबायची. सकाळी मी तो प्लेअर पुन्हा तिच्या उशाशी ठेवला. काय करणार होतो?

आता तुम्हीच सांगा, या फाइली पुसायच्या कशा? आईचा आवाज आता तिथेच आहे. घरात नाही. ताई तिला जुन्या गोष्टी विचारते आणि आई सांगते. माझ्या जन्माची गोष्टसुद्धा मी परवा तिथेच पहिल्यांदा ऐकली. पुसल्या तर दोघी जातील. ठेवल्या तर... आणि तुम्ही म्हणता, कॉपी द्या! ज्या घरी कुणी एकटं आहे, कुणाच्या तरी आवाजासाठी आसुसलेलं आहे, अशा घरी या फाइली गेल्या तर काय होईल, ते मला ठाऊक नाही. म्हणून देत नव्हतो. खडूसपणा नव्हता तो.

गेल्या आठवड्यात अकराव्याची क्यू फाईल उघडली तर खाली एक ओळ जास्तीची होती. मी लिहिलेली नाही. गाण्याच्या नावाच्या जागी लिहिलंय, सेकंदकाटा. खूण दोन तास पस्तीस मिनिटांवर, नेमकी, सेकंदाच्या तुकड्यासह. मी तिथे उडी मारली. शांतता. मग खुर्ची करकरली. ही माझी खुर्ची. गेल्या महिन्यातच घेतली. तेल घालायचं राहून गेलंय.

दुसऱ्या दिवसापासून माझा घसा बसलाय.

आज सकाळी उठल्या उठल्या आधी तीच जागा लावली. आता तिथे शांतता नव्हती. माझा आवाज होता. मी कुणाला तरी म्हणत होतो, "बसा. खुर्ची जरा जवळच ओढा, मला हल्ली मोठ्याने बोलवत नाही. दिवा राहू दे."

तुम्ही येणार आहात हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. तुमचा फोन त्यानंतर दोन तासांनी आला.

मी पुढे ऐकत राहिलो. माझंच बोलणं, सगळं, आत्ता बोललो तेच. मध्येच कुणीतरी घसा खाकरतं आणि मी विचारतो, पाणी हवंय का. ते खाकरणं कुणाचं, ते सकाळी मला कळलं नव्हतं. मग माझं बोलणं संपतं आणि ताई, अगदी जवळून, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणते, "आता तुम्ही."

दारात नाव सांगितलंत तेव्हा चांगला खणखणीत आवाज होता तुमचा. पण बसल्यापासून तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत.

अहो... बोला ना काहीतरी.